सीलबंद विजया

आष्टेकर सर कुंडीसमोर मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी, आणि उजव्या हाताची तीन बोटं झाडाच्या खोडावर.

"सर," मी म्हटलं, "झाडाला नाडी नसते."

"शू."

"विद्यार्थी बघतायत, सर."

"बघू देत. शिकतील." त्यांनी डोळे उघडले, बोटं धोतराला पुसली आणि निकाल दिला, "कफ वाढलाय."

मागे उभे असलेले प्राचार्य निकम हातातला तांब्या सावरत म्हणाले, "कफ असो नाहीतर खोकला असो, गुरुवारपर्यंत हे उभं राहिलं पाहिजे. अहो, तहानलंय ते! ऊन बघा केवढं पडलंय." आणि त्यांनी तांब्या रिकामा केला.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, कृष्णाकाठच्या एका आयुर्वेद कॉलेजातली. मी तिथं द्रव्यगुण शिकवायचे, म्हणजे कुठली वनस्पती कशाला चालते ते. ऑक्टोबर चालू होता, अंगाची लाही होत होती. समोर जे झाड मान टाकून उभं होतं ते भांगेचं. आमच्या ग्रंथांत तिला विजया म्हणतात. भांग म्हटलं की लोक डोळे मिचकावतात, विजया म्हटलं की वही काढतात. आमच्याकडे ते एकच झाड होतं, रीतसर परवाना काढून शिकवण्यासाठी लावलेलं. गुरुवारी तपासणी समिती यायची होती. औषधी बागेत विजया जिवंत दिसली नाही तर विभाग अपुरा असा शेरा बसणार होता.

आणि विभाग अपुरा ठरला तर पहिली कुऱ्हाड कोणावर? माझ्यावर. कारण मी तात्पुरती. दर अकरा महिन्यांनी 'ब्रेक' म्हणून मला घरी पाठवायचे, दोन दिवसांनी परत बोलवायचे, आणि नवीन कागदावर सही घ्यायचे. चार वर्षं हाच खेळ. 'समिती खूश झाली की तुमचं कायम करूनच टाकू मॅडम,' असं निकम सर दर दिवाळीला म्हणायचे. परवान्यावर झाड सांभाळणारी म्हणूनही माझंच नाव होतं. उत्पला मगदूम. म्हणजे झाड मेलं की नोकरी गेली, आणि वर 'झाड कुठं गेलं?' म्हणून खात्याला उत्तरही मीच द्यायचं.

खात्याचं नाव मी घेत नाही. परवाने देणारं खातं, एवढं पुरे. माझ्या पेन्शनचे कागद अजून व्हायचेत.

तर त्या खात्याचे इन्स्पेक्टर बाबर आदल्या आठवड्यात येऊन गेले होते. गडी स्वभावाने गरीब, पण भित्रा. दुसऱ्या कुठल्याशा गावात असंच परवान्याचं झाड रातोरात नाहीसं झालं होतं आणि सकाळी त्या कुंडीत अंबाडी उभी होती. पानं सारखीच दिसतात हो, लांबून कळतसुद्धा नाही. तिथल्या इन्स्पेक्टरची बदली पार डोंगरात झाली. तेव्हापासून बाबर साहेबांची झोप उडाली होती. "मॅडम, मी आपलं सील करून जातो," म्हणाले. त्यांच्या खात्यात सील करायचं म्हणजे एकच पद्धत. बाटली असो, गोणी असो, नाहीतर जिवंत झाड असो, मेणकापड, सुतळी आणि लाख. त्यांनी कुंडी खालून वर काठापर्यंत मेणकापडात गुंडाळली, काठाखाली सुतळीने आवळली, गाठींवर लाखेचे लालभडक ठिपके पाडले आणि त्यावर शिक्का उठवला. झाड वर मोकळं, कुंडी खाली बंद. कुंडी बदलायची तर सील तुटणार. मला तर तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं.

सील झाल्यापासून झाड उतरायला लागलं. आणि झाड उतरलं की आमच्याकडे काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक. पाणी घालायचं! सकाळी निकम सर घालायचे. दुपारी मुलं घालायची, कारण परीक्षेत विजयेवर प्रश्न यायचा. संध्याकाळी झाडलोट करणारी बाई घालायची, कारण शंकराचं झाड, पुण्य लागतं. आणि घरी जाता जाता मी घालायचे, कारण नोकरी माझी. जितकं पाणी घालावं तितकी पानं जास्त खाली.

सोमवारी सगळे पांगल्यावर मी एकटीच कुंडीसमोर बसले. अक्षरशः भांडायलाच बसले. "काय पाहिजे काय तुला?" मी विचारलं. "ऊन नको म्हणून सावली दिली. सावली नको म्हणून ऊन दिलं. खत दिलं. आता काय पाय चेपू?"

मग म्हटलं, चार वर्षं पोरांना रोगी तपासायला शिकवतेस, एकदा स्वतः तपास. पान हातात घेतलं. तहानलेलं पान कागदासारखं लागतं, कडेला कुरकुरतं. हे मऊ, भरलेलं, जड. खालची पानं पिवळी पडलेली. मातीत बोट खुपसलं तर ते थेट आत गेलं, चिखलात जावं तसं. ऑक्टोबरातल्या भर दुपारी माती गारढोण. बोट बाहेर काढलं, त्याला बुळबुळीत लागलेलं, आणि वास असा की मी तोंड फिरवलं. कुंडी हलवून बघितली, जागची हलेना. भरल्या घागरीएवढी जड.

जड, गार, बुळबुळीत. गुरू, शीत, पिच्छिल. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून मी हे घोकून घेते. कफाची लक्षणं!

मी धावत विभागात गेले. आष्टेकर सर डबा खात होते.

"सर, कफच आहे!"

"मग मी काय म्हणत होतो?" ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "अगं, बोटाखाली खोड गार लागत होतं आणि फुगलेलं. तहानलेलं झाड तापतं. तू माझीच विद्यार्थिनी ना? मला सांगतेस नाडी नसते म्हणून."

"पण सर, एवढं पाणी साचलं कसं? कुंडीला खाली भोक आहे. तुम्हीच तर लावलंय झाड."

"भोक आहे. मीच खापरी ठेवलीय त्यावर."

"मग पाणी जातं कुठं?"

आम्ही दोघं परत बागेत आलो. कुंडीखालची ताटली बघितली. ठणठणीत कोरडी. तिच्यात मुंग्या निवांत फिरत होत्या. एवढे तांबे ओतले आणि ताटलीत थेंब नाही! माझी नजर ताटलीवरून वर गेली, मेणकापडावर, सुतळीवर, लाखेच्या ठिपक्यांवर. पार्सल पावसात भिजू नये म्हणून जे कापड वापरतात त्याच कापडात आमचं झाड बांधलं होतं. बाहेरचं पाणी आत जाऊ नये म्हणून केलेलं ते, मग आतलं बाहेर कसं येणार?

"बाबर!" मी ओरडले. शेजारच्या कडुनिंबावरचे पोपट उडाले.

मंगळवारी सकाळी ऑफिसातून त्यांना फोन लावला. निकम सर शेजारी उभे राहून घाम पुसत होते.

"साहेब, तुमच्या सीलमुळे झाड बुडतंय."

"बुडतंय? कॉलेजात पूर आला का?"

"कुंडीत पूर आलाय. सील काढा."

"मॅडम, अर्ज करा. तो वर जाईल. वरून हुकूम आला की मी दोन पंच घेऊन येतो, पंचांसमक्ष सील काढतो, पंचांसमक्ष परत लावतो. दिवाळीच्या आत होऊन जाईल."

"परवा समिती येतेय!"

"मग तोवर पाणी घालू नका."

"साचलेलं आधी काढायला नको का?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण सीलला हात लावाल तर मॅडम, मलाच तुमच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल. आणि मला ते करायला अजिबात आवडणार नाही हो. पोरंबाळं आहेत मला." म्हणजे गुन्हा माझ्यावर आणि पोरंबाळं यांची!

मी रिसीव्हर आपटला. निकम सर म्हणाले, "मॅडम, शांतपणे काहीतरी करा. फक्त मला सांगू नका." आणि आपल्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

आष्टेकर सर मात्र खुशीत होते. चाळीस वर्षांत असा रोगी मिळाला नव्हता म्हणाले. "कफ साचला, खालचा मार्ग बंद. मग शोधन, म्हणजे घाण काढणं, वरून करायचं." पंचकर्म विभागातून त्यांनी बस्तीची रबरी नळी मागवली. ज्या कामाची ती नळी, ते काम मी इथं सांगत नाही. नवीन कोरी होती, एवढं मात्र बघून घेतलं.

कुंडी आम्ही दोघांनी ओढत ओढत त्याच कोपऱ्यातल्या ओट्यावर चढवली. मी सळईने कडेकडेने मातीत वाट केली, नळीचं टोक तळापर्यंत सारलं, दुसरं टोक खाली बादलीत सोडलं. पाणी काही येईना.

"आधी ओढून घ्यावं लागतं," सर म्हणाले. "एकदा धार लागली की आपोआप येतं."

"सर, द्या, मी ओढते."

"तू गप. तुला नोकरी करायचीय अजून."

त्यांनी नळीचं टोक तोंडात धरलं, डोळे मिटले, गाल आत घेतले आणि दमदार ओढ घेतली. नेमके तेव्हाच फाटकातून बाबर साहेब आत आले. फोनवरच्या माझ्या आवाजानं त्यांना राहवलं नव्हतं. त्यांनी बघितलं ते असं, सरकारी सील असलेलं भांगेचं झाड, त्यातून निघालेली नळी, आणि नळीच्या टोकाला सत्तरीकडे झुकलेले विभागप्रमुख, डोळे मिटून ब्रह्मानंदी टाळी लागलेले.

"आष्टेकर सर!" बाबर साहेबांच्या हातातली छत्री पडली. "तुम्हीसुद्धा? आणि असं, ओलंच?"

सरांना उत्तर देता येईना, कारण त्यांच्या तोंडात कुजक्या पाण्याचा घोट आला होता. त्यांनी तो बादलीत थुंकला, खाकरले, परत थुंकले. मग म्हणाले, "इन्स्पेक्टर, चव घेऊन बघता का? तुमच्या खात्याची आहे."

धार लागली होती. काळपट, घाण वासाची. मी बाबर साहेबांना दंडाला धरून बादलीजवळ नेलं आणि म्हटलं, "घ्या वास." त्यांनी घेतला आणि नाकाला रुमाल लावला. मग ताटली दाखवली, मातीत त्यांचंच बोट खुपसायला लावलं. गड्याचा चेहरा पडला.

"मी मारलं म्हणा की याला," ते म्हणाले.

"अजून मेलं नाही. पण नळीनं वरवरचं निघतंय. तळात राहतंच. खाली वाट पाहिजे."

"मॅडम, सील तोडता येत नाही हो. आईशप्पथ, माझीही बदली डोंगरात होईल."

मी सुतळीवरच्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवलं. "साहेब, सील म्हणजे नेमकं काय? लाख की मेणकापड?"

"सील म्हणजे लाख. शिक्का लाखेवर असतो."

"म्हणजे तपासायला कोणी आलं तर बघणार काय?"

"लाख शाबूत आहे का, ते."

"आणि मी वरून, मातीतून, कुंडीच्या आतूनच सळई खाली घातली, ती भोकातून बाहेर आली आणि वाटेत मेणकापड आडवं आलं, तर?"

बाबर साहेबांनी लाखेवरून बोट फिरवलं. मग छत्री उचलली. "कँटीनचा चहा बरा असतो का?"

"उत्तम असतो," मी म्हटलं.

"मी दोन कप घेतो. परत आल्यावर मी लाख बघणार. फक्त लाख." जाता जाता वळून म्हणाले, "आणि बागेत उंदीर फार असतील ना इथं? कुरतडतात मेले."

आता खरी पंचाईत. भोक नेमकं कुठं? वरून काहीच दिसत नव्हतं, आणि आंधळेपणानं सळई खुपसली तर मुख्य मूळच तुटायचं. आधीच अर्धमेलं झाड. मी सळई मातीवर टेकवली आणि परत उचलली.

"आण इकडे," सर म्हणाले. त्यांनी सळई दोन बोटांत धरली, डोळे मिटले आणि मुळाच्या कडेकडेने ती हळूहळू खाली सोडली. थांबले. किंचित फिरवली. "हे मूळ. हे नको." परत थांबले. टक् असा बारीक आवाज आला. "खापरी. भोक मधोमध नाही, जरा तुझ्या बाजूला आहे. कुंभारानं घाईत पाडलं होतं. खापरी सरकवतो. हां. आता तू दाब. जोर तुझ्यात आहे."

मी सळई धरली. चार वर्षांचे सगळे ब्रेक आठवले आणि दाबली. मेणकापड फस्सकन फुटलं. आधी चूळभर, मग भदाभदा पाणी ओट्यावरून खाली सांडलं. सरांचं धोतर भिजलं, माझी साडी भिजली, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. बाबर साहेब चहा पिऊन आले, त्यांनी प्रत्येक ठिपका निरखून बघितला आणि "लाख शाबूत" असं मोठ्यानं जाहीर करून गेले.

मी पाटी लावली, 'पाणी घालू नये. घालणाऱ्याचं नाव प्राचार्यांना कळवण्यात येईल.' बुधवारी शेंड्याची पानं जराशी उचलली. खालची पिवळी गळाली. झाड हडकलेलं दिसत होतं, पण जिवंत होतं.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष वैद्य रणसुभे, वजनदार आवाजाचे, पांढराशुभ्र झब्बा घातलेले. सोबत दोन सदस्य. बाबर साहेबही परवान्याचे कागद घेऊन हजर. बाग तपासायला निघायची वेळ झाली, तोच निकम सरांनी सगळ्यांना आधी जेवायला बसवलं. श्रीखंड-पुरीचा बेत होता. श्रीखंड खाल्ल्यावर उन्हात कोण उतरतंय? एका सदस्यानं खिडकीतूनच बागेकडे बघितलं.

"ते कोपऱ्यातलं काय? पोत्यात बांधलेलं?"

"विजया, सर," निकम म्हणाले.

"मेलेली दिसतेय. सील केलेली आणि मेलेली. अध्यक्ष महाराज, 'नाही' असं लिहू?"

रणसुभ्यांनी पेन उघडलं. मी दाराशी उभी होते, आणि निकम सरांचं पुढचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. "काय आहे सर, त्याची जबाबदारी मगदूम मॅडमची. त्या तात्पुरत्या आहेत. या वेळी आपण त्यांना बदलूनच टाकतोय."

माझं डोकं जे फिरलं! पदर खोचला, बागेत गेले, कुंडी दोन्ही हातांनी मिठीत घेतली आणि उचलली. उचलली गेली! मागून बाबर साहेब धावत आले. "मॅडम, परवान्यात जागा लिहिलीय! बागेचा ईशान्य कोपरा! मॅडम, झाड हलवता येत नाही!"

"मग मला अटक करा," मी म्हटलं, आणि थेट आत जाऊन कुंडी अध्यक्षांच्या पुढ्यात, श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी, टेबलावर ठेवली. "बघा. मेलंय का? हात लावून बघा आणि मग लिहा काय लिहायचं ते."

सगळ्यांचे घास हातात राहिले. आणि तेवढ्यात कुंडीच्या तळातून पाणी पाझरलं. टेबलक्लॉथवरून एक तपकिरी ओघळ निघाला, वाटेत पुऱ्यांना वळसा घातला आणि वैद्य रणसुभ्यांच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर उतरला.

"हे काय गळतंय?" ते ओरडत उठले.

मी आधी हबकले. मग माझ्या लक्षात आलं, सकाळीच कोणीतरी पाटीला न जुमानता पाणी घातलं होतं. निकम सर खाली मान घालून पुरीचे पापुद्रे काढत होते. पाणी वरून घातलं आणि खालून आलं! मला आनंद आवरेना.

"निचरा होतोय, सर!" मी म्हटलं. "निचरा! आत थांबत नाही आता!"

अध्यक्षांनी झब्ब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बाही मागे सारून दोन बोटं मातीत घातली. वास घेतला. शेंड्याचं पान उलटं करून पाहिलं. जुना वैद्य होता हो, हातावरून कळत होतं. "मुळं सडायला लागली होती," ते म्हणाले. "आता सावरतायत. कोणी वाचवलं?"

निकम सर तोंड उघडणार, तेवढ्यात आष्टेकर सर उभे राहिले. "मी फक्त नाडी बघितली. बाकी सगळं हिनं केलं. आणि हिला ही माणसं चार वर्षं अकरा-अकरा महिन्यांनी घरी पाठवतायत."

"असं?" रणसुभे निकमांकडे वळले.

"कायम करायची प्रक्रिया चालू आहे सर," निकम म्हणाले.

"उत्तम." अध्यक्ष पुन्हा खाली बसले आणि वाटी पुढे केली. "वाढा अजून. आम्ही श्रीखंड सावकाश खातो. आमचं खाऊन होईपर्यंत ऑर्डर टाइप करून आणा. शेरा मी त्यानंतरच लिहीन."

निकम सरांना एवढं जोरात चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. टाइपरायटरचा खडखडाट जेवणाच्या खोलीपर्यंत ऐकू येत होता, आणि अध्यक्ष खरोखरच मांजरानं चाटावं तसं श्रीखंड खात होते. तिसऱ्या वाटीला कागद आला. माझं नाव, पुढं 'कायम'. मी हात पदराला पुसले, तरी चिखल काही गेला नाही. सही करायला वाकले आणि एकदम रडूच कोसळलं. आवरायला गेले तसं जास्तच यायला लागलं. आष्टेकर सर खिडकीबाहेर बघत नाक शिंकरत होते.

कोणीतरी हळूच माझ्याशेजारी येऊन उभं राहिलं. बाबर साहेब. कुंडी दोन्ही हातांत घेतलेली, गणवेशाच्या छातीवर चिखलाचा ओघळ.

"मॅडम, रडू नका हो," ते कानाशी कुजबुजले. "झाड हलवल्याचं मी कुठंसुद्धा लिहीत नाही."